परक्या ओंजळीचे पाणी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘गरीब देशांना आरोग्यासाठी मिळणारी परकीय मदत : शाप की वरदान?’ चिठ्ठी उचलली तेव्हा माझ्या वाट्याला ‘शाप’ ही बाजू आली. आठ दिवस ग्रंथालयात बसून मी मुद्दे काढले आणि स्पर्धेच्या दिवशी ‘अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजन आणि बंधुभगिनींनो’ अशी सुरुवात करून सात मिनिटे तावातावाने बोलले. ‘जो दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो, त्याची तहान कधीच भागत नाही’ या वाक्यावर टाळ्या पडल्या. दुसरे बक्षीस मिळाले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा त्या स्मृतिचिन्हाचे घरी किती कौतुक झाले असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी. वडिलांनी ते देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवले आणि आल्यागेल्याला दाखवले.

रात्री जेवणे झाल्यावर आईने भाषण पुन्हा म्हणून दाखवायला सांगितले. आई आमच्या गावची ‘आशा’ आहे. शिक्षण आठवीपर्यंत. गरोदर बायांची नोंद, बाळंतिणीच्या घरी फेऱ्या, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी जाऊन पोरे गोळा करणे, हे तिचे काम. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग आजीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘बोललीस ब्येस. पण आत्याबाईंच्या तोंडावर देवीचे वण हायेत. माझ्या तोंडावर न्हाईत. तुझ्या तर दंडावरबी देवी काढल्याची खूण न्हाई. ते कुणाच्या पैशानं झालं, ते बघितलंस का?’

मी बघितले नव्हते. आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. तिचा धाकटा भाऊ त्याच साथीत गेला. घरात कडुलिंबाचा पाला टांगला होता आणि ‘आई घरात आली आहे’ म्हणून कोणी मोठ्याने बोलतही नव्हते, हे ती अजून सांगते. ज्या रोगाने माझ्या घरातले एक मूल नेले, तो रोग पृथ्वीवरून कसा गेला याची चौकशी न करता मी परकीय मदतीवर बक्षीस मिळवून आले होते. त्या रात्रीपासून ते स्मृतिचिन्ह मला जरा टोचू लागले. आज हा लेख लिहिण्याचे कारण तेच. मी त्या दिवशी जे बोलले त्यातले किती खरे आणि किती खोटे, याचा हिशेब मला आपल्यापुढे मांडायचा आहे.

प्रथम, माझे जे खरे होते ते सांगते. कारण माझे सर्वच म्हणणे चूक होते असे मला आजही वाटत नाही.

माझा पहिला मुद्दा हिवतापाचा होता. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डी.डी.टी. पुरविण्यात अमेरिकेच्या मदतीचा मोठा वाटा होता. गावोगाव फवारणीवाले फिरू लागले. यश असे डोळे दिपविणारे आले, की १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला. १९६५ साली रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. शत्रू संपला असे सर्वांना वाटले आणि घात तेथेच झाला. डासांना डी.डी.टी. पचू लागली, तिचा पुरवठा अपुरा पडला, शहरांतल्या डासांकडे दुर्लक्ष झाले. मुख्य म्हणजे, फवारणीची मोहीम आटोपल्यावर ज्यांनी गावात लक्ष ठेवायचे, ती कायमची आरोग्यव्यवस्थाच पुष्कळ ठिकाणी उभी नव्हती. १९७६ साली हिवतापाचे रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. बाहेरून आलेली पावडर भिंतीवर बसली, पण व्यवस्थेची भिंतच उभी नव्हती, असे मी भाषणात म्हटले होते. ते मी आजही म्हणेन.

दुसरा मुद्दा मी घरचाच दिला होता. आमच्या भागातील एका आरोग्य केंद्रात नवजात बालकांना ऊब देणारे एक यंत्र आले. त्यावर परदेशी झेंड्याचे चित्र आणि इंग्रजी अक्षरे. आल्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले. आमच्याकडची वीज कधी दिव्यासारखी मंद, तर कधी एकदम भडकणारी. चार महिन्यांत आतला एक भाग जळाला. तो भाग इकडे मिळत नाही, आणि मिळाला तरी बसवणारा माणूस नाही. तेव्हापासून त्यावर प्लास्टिक घातलेले आहे. ‘आता त्या यंत्रात बाळांऐवजी रजिस्टरे ऊब घेतात,’ या माझ्या वाक्यावर सभागृहात सर्वांत मोठा हशा झाला. परंतु आईने मात्र हसून दिले नाही. ती म्हणाली, ‘यंत्र वाईट नव्हतं. चार महिन्यांत त्यानं दोन पोरं जगवली. कुणी इचारलंच न्हाई, की इथं लाईट कशी असती.’

या एका वाक्यात मला वाटते साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. मदत वाईट की चांगली, हा प्रश्नच मुळी चुकीचा. मदत देताना कोणी कोणाला काय विचारले, हा खरा प्रश्न. तो डोक्यात ठेवून मी पुन्हा ग्रंथालयात गेले आणि देवीच्या रोगाची हकिकत वाचून काढली.

१९५८ साली जागतिक आरोग्य परिषदेत देवीचे जगातून उच्चाटन करावे असा प्रस्ताव मांडला तो सोव्हिएत रशियाने. १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही मोहीम नेटाने हाती घेतली, तेव्हा तिचे प्रमुख होते एक अमेरिकन डॉक्टर, डोनाल्ड हेंडरसन. शीतयुद्धाचा तो काळ. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेली ही दोन राष्ट्रे या एका कामात मात्र एका बाजूला उभी होती. रशियाने एक अब्जाहून अधिक मात्रा लस फुकट दिली. दोन टोकांच्या साध्या सुईने पूर्वीच्या चौथाई लशीत देवी काढता येऊ लागल्या. उन्हात लवकर न नासणारी कोरडी लस आली. ही सारी बाहेरची मदत होती आणि तिच्याविना काम झाले नसते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पण आता दुसरी बाजू पाहा. १९७४ साली आपल्या देशात देवीची भयंकर साथ आली. सुमारे एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुग्ण आणि एकतीस हजारांवर मृत्यू. लस होती, सुया होत्या, तरी साथ थांबत नव्हती. ती थांबली घरोघर शोध घेतल्याने. लाखाहून अधिक कर्मचारी हातात देवी आलेल्या मुलाचे चित्र घेऊन दहा कोटी घरांच्या उंबऱ्यापर्यंत गेले. ‘असे कोणी दिसले का?’ एवढाच प्रश्न. रुग्ण सापडला की त्याच्या भोवतालच्या सर्वांना देवी काढायच्या, म्हणजे रोगाभोवती कुंपणच घालायचे. खबर देणाऱ्यास बक्षीस लावले होते. ते वाढत वाढत एक हजार रुपयांपर्यंत गेले. मे १९७५ मध्ये देशातला अखेरचा रुग्ण नोंदला गेला. १९७७ मध्ये सोमालियात जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर. १९६७ पासूनच्या या मोहिमेस सुमारे तीस कोटी डॉलर खर्च आला. त्यापैकी परदेशी मदत होती सुमारे नऊ कोटी ऐंशी लाख डॉलरची. उरलेला दोनतृतीयांश खर्च, ज्या देशांत रोग होता त्या गरीब देशांनीच सोसला. हा आकडा वाचला तेव्हा मी आईला मुद्दाम फोन केला. रुपयात पाच आणे बाहेरचे आणि अकरा आणे घरचे, हे ऐकून ती म्हणाली, ‘मंग बरोबर हाय. इरजण बाहेरून आणलं तरी दूध घरचंच लागतं.’

मला हा दृष्टान्त फार पटला. विरजणाशिवाय दही लागत नाही आणि नुसत्या विरजणाचे दही होत नाही. हिवतापात विरजण भरपूर आले, पण दूध कमी पडले. देवीत दोन्ही जमले. आणखी एक गोष्ट. मदत करणाऱ्या श्रीमंत देशांनी हा दानधर्म केला असे समजू नये. रोग संपताच त्यांचाही लशीवरचा आणि बंदरा-विमानतळांवरील तपासणीवरचा दरवर्षीचा खर्च वाचला. साथीचा रोग पारपत्र पाहून शिरत नाही. तेव्हा येथे दाता आणि याचक हे नातेच खोटे आहे. एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन कुटुंबांनी मिळून आड उपसावा, तसा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतले आहे, पण त्याचे एक टोक आपल्या पुण्यात आहे. पश्चिमेस सेनेगलपासून पूर्वेस इथिओपियापर्यंत जो कोरडा, धुळीचा पट्टा आहे, तेथे मेंदूच्या आवरणास सूज आणणारा मेनिंजायटिस हा रोग उन्हाळ्याच्या तोंडी थैमान घाली. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोकांना लागण झाली आणि पंचवीस हजार दगावले. वाचलेल्यांपैकी कित्येक मुले बहिरी झाली. ‘अ’ गटाच्या जंतूमुळे होणाऱ्या या साथीवर लस बनविणे शास्त्राला अशक्य नव्हते. परंतु ज्यांच्या खिशात पैसा नाही, त्यांच्यासाठी लस बनविण्यात बड्या कंपन्यांना रस नव्हता.

तेव्हा आफ्रिकेतील अधिकाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. लशीची किंमत पन्नास सेंटच्या आत असेल तरच आम्हांला ती पुढेही परवडेल. म्हणजे येथे किंमत घेणाऱ्याने ठरवली! २००१ मध्ये गेट्स प्रतिष्ठानने सात कोटी डॉलर दिले, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था एकत्र आल्या, अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेने लस जोडण्याची कृती दिली आणि लस तयार केली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या देशात ती प्रथम मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली. २०१२ मध्ये तर ही लस चार दिवसांपर्यंत चाळीस अंश उष्म्यातही बर्फाविना नेण्यास मान्यता मिळाली. जेथे बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन मैलोगणती चालावे लागते, तेथे याचे मोल काय ते माझ्या आईला विचारावे. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘अ’ गटाचा एकही रुग्ण आढळलेला नाही. इतर गटांचे जंतू अजून आहेत. त्यांसाठी पाच गटांवर चालणारी लसही पुण्याहूनच गेली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती प्रथम वापरली.

या हकिकतीत परकीय पैसा आहे, परकीय ज्ञान आहे. तरीही ती लाचारीची हकिकत नाही. कारण गरज कोणी सांगितली? ज्याला रोग होता त्याने. किंमत कोणी ठरवली? त्यानेच. आणि ज्ञान कुलपात न ठेवता दुसऱ्या एका विकसनशील देशाच्या हाती दिले गेले. आमच्या आरोग्य केंद्रातील त्या यंत्राच्या बाबतीत यांपैकी काहीच झाले नव्हते.

तिसरे उदाहरण नारूचे. हे नाव आज माझ्या वयाच्या मुलामुलींना ठाऊकही नसेल. आजीला मात्र चांगले ठाऊक आहे. पायविहिरीत उतरून पाणी भरायचे, त्याच पाण्यात नारू झालेल्याचा पाय बुडायचा आणि वर्षभराने पिणाऱ्याच्या पायातून हातभर दोरा बाहेर पडायचा. यावर ना लस, ना औषध. उपाय एकच, पाणी फडक्याने गाळून पिणे आणि नारू झालेल्याला पाण्यात उतरू न देणे. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. आफ्रिकेत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने हे काम चिकाटीने चालविले. १९८६ मध्ये जगात सुमारे पस्तीस लाख लोकांना नारू होई, २०२४ मध्ये अवघे पंधरा रुग्ण आढळले. या मदतीत यंत्र नाही, इमारत नाही, कोनशिला नाही. आहे ते फडके, आणि ते फडके वापरायला शिकविणारा गावातलाच माणूस. दिखाऊपणा जितका कमी, तितका उपयोग जास्त, असे म्हणण्याचा मोह होतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘मग बाई, तुम्ही पक्षच बदललात!’ तसे नाही. मदतीचा एक मोठा धोका गेल्या वर्षी, म्हणजे माझ्या भाषणानंतर मी वाचू लागले तेव्हा, मला अधिकच जाणवला. तो धोका एड्सच्या औषधांच्या बाबतीत दिसतो.

२००१ पर्यंत एड्सवरील औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर होता. त्या वर्षी मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे ‘सीमांविना डॉक्टर’ या संस्थेला वर्षाला साडेतीनशे डॉलरांत देऊ केली. त्यामुळे गरीब देशांतही उपचार शक्य आहेत हे जगाला दिसले. २००३ मध्ये अमेरिकेने ‘पेपफार’ ही प्रचंड योजना सुरू केली. तिच्यामुळे अडीच कोटी प्राण वाचले असे अमेरिकन सरकारच सांगत आले आहे. एखाद्या राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्रांतील रुग्णांसाठी इतके मोठे काम क्वचितच केले असेल, आणि त्याबद्दल मन मोठे करून धन्यवाद दिले पाहिजेत.

परंतु २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत नवे अध्यक्ष गादीवर आले आणि त्याच दिवशी त्यांनी परकीय मदत नव्वद दिवसांसाठी थांबविण्याचा हुकूम काढला. काही गोष्टींना पुढे सवलती मिळाल्या, पण दवाखाने बंद पडले, कामगार घरी बसले. १ जुलै २०२५ पासून साठ वर्षांहून जुनी ‘यूएसएड’ ही संस्थाच संपुष्टात आली. त्याच वर्षी ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले. सधन राष्ट्रांनी ०.७ टक्के द्यावेत, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघात १९७० साली झालेला आहे, याची येथे आठवण ठेवावी.

एड्सची गोळी रोज घ्यावी लागते, आणि जन्मभर. जिची गोळी थांबली ती बाई दुसऱ्या कोणा देशाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाही. तरी तिच्या आयुष्याची दोरी तेथल्या मतपेटीत अडकलेली. दुसऱ्याच्या ओंजळीतून पाणी पिताना त्याने हात सैल सोडले तर काय, ही माझी त्या दिवशीची शंका अगदीच पोकळ नव्हती.

मात्र येथेही सर्वांची गत सारखी झाली नाही. दक्षिण आफ्रिकेत जगात सर्वांत जास्त एड्सबाधित लोक आहेत. पण तेथील सरकार या रोगावरील बहुतेक खर्च स्वतः करते, औषधे स्वतःच्या पैशाने विकत घेते. ‘पेपफार’चा वाटा होता सुमारे सतरा टक्के. फटका त्यांनाही बसला, हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, पण गोळ्यांचे कपाट एकदम रिकामे झाले नाही. ज्या शेजारी देशांचा जवळजवळ सगळा डोलारा बाहेरच्या पैशावर उभा होता, त्यांची अवस्था फार बिकट झाली. सोळा आण्यांपैकी अकरा आणे घरचे असावेत हा देवीच्या मोहिमेचा धडा येथे पुन्हा खरा ठरला.

आणखी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ‘मदत गरिबापर्यंत पोहोचतच नाही, मधले लोक खातात’ असे आपण चहाच्या टपरीवरही ऐकतो. हे खोटे नाही. झांबिया देशात देणगीची औषधे चोरून खासगी दुकानांत विकली जात असल्याचे उघडकीस आले, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेने त्या देशाची पाच कोटी डॉलरांची औषधमदत कापण्याचे जाहीर केले. राग समजण्यासारखा आहे. पण शिक्षा कोणाला झाली? औषधे चोरणारा धडधाकट आहे, शिक्षा ती गोळी घेणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ते हेच. चोरी होते म्हणून मदत बंद करणे हा उपाय नव्हे. गोदामातला माल आणि रुग्णाच्या हातातली गोळी यांचा मेळ गावकऱ्यांना कळेल अशा भाषेत भिंतीवर लिहिला, तर अर्धी चोरी तेथेच थांबेल. आमच्या गावात रेशनच्या धान्याच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तसेच मदत घेणाऱ्या सरकारांनाही हात झटकता येणार नाहीत. २००१ साली नायजेरियातील अबुजा येथे आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाचा पंधरा टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले. बहुतेक देशांनी ते पाळलेले नाही. बाहेरून पैसा येतो म्हणून घरचा पैसा दुसरीकडे वळविणे, ही मदतीची सर्वांत वाईट सवय. आणि त्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपणही आरशात पाहावे. २०१७ च्या आपल्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के इतका सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे ठरविले होते. तेथवर आपण पोहोचलेलो नाही. २०२१-२२ साली तो दोन टक्क्यांच्याही आतच होता.

इतके सारे वाचून झाल्यावर माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे मदतीची पारख करण्याचे चार प्रश्न मला सुचतात. पहिला, ही गरज कोणी सांगितली, घेणाऱ्याने की देणाऱ्याने? दुसरा, यात घरचा वाटा किती आहे आणि तो दरवर्षी वाढतो आहे काय? तिसरा, देणारा निघून गेल्यावर काम करणारी माणसे गावात उरतील काय? आणि चौथा, हिशेब कोणाला दिसतो? या चारांची उत्तरे नीट मिळाली तर मदत वरदान, नाहीतर प्लास्टिकखाली झाकलेले यंत्र.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आफ्रिकेत जाण्याचीही गरज नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. परदेशी शिक्षण घेऊन आलेली ही दोघे. परदेशातील देणग्याही त्यांच्या कामी आल्या. पण तो पैसा त्यांनी प्रामुख्याने माणसांत घातला. गावानेच निवडलेल्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, यांना त्यांनी बाळंतपण, जुलाब, पोषण यांचे शिक्षण दिले आणि गावाचे आरोग्य त्यांच्या हाती सोपविले. हे काम पाहायला पुढे जगभरातून लोक जामखेडला आले. १९७८ च्या आल्मा-आता येथील परिषदेत ‘सर्वांसाठी प्राथमिक आरोग्य’ हा विचार जगाने स्वीकारला, त्यामागे ज्या प्रयोगांची पुण्याई होती त्यांत जामखेड होते. २००५ नंतर आपल्या देशात ‘आशा’ आल्या, त्याही याच वाटेने. म्हणजे एका परीने माझी आई ही त्या विचाराचीच लेक. यंत्र जळाले, ते चार महिन्यांत. शिकविलेली बाई मात्र जळत नाही. ती आपल्या सुनेला शिकवते, शेजारणीला शिकवते. फक्त तिला तिच्या कामाचा मोबदला मानाने आणि वेळेवर मिळाला पाहिजे. जगभर कोट्यवधींच्या योजना आखणाऱ्यांना अखेरच्या उंबऱ्यापर्यंत चालत जाणाऱ्या बाईचेच तेवढे ओझे होते, ही माझी तक्रार देशी-परदेशी दोन्ही मंडळींविरुद्ध आहे.

मित्रहो, आपण आता केवळ घेणारे राहिलेलो नाही. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या देशाने शेजारच्या आणि दूरच्या देशांना करोनाची लस पाठविली तेव्हा आपली मान उंचावली. पण एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि ती निर्यात थांबली. आपल्या माणसांचे प्राण जात असताना दुसरे काय करणार, असे आपण म्हटले आणि ते खोटेही नव्हते. तरीपण पुण्याच्या लशीची वाट पाहत बसलेल्या आफ्रिकेतल्या एखाद्या परिचारिकेला त्या दिवशी काय वाटले असेल, हे आपण, ज्यांनी वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या ओंजळीकडे पाहिले, विसरता कामा नये.

मी भाषणात म्हटले होते, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान भागत नाही. ते वाक्य आज मी मागे घेते. आमच्या गावात अजून शेतावर पाहुणा आला की एकजण कळशी तिरपी करतो आणि दुसरा स्वतःची ओंजळ पुढे करून पितो. ओततो तो परका असला तरी ओंजळ पिणाऱ्याची असते. ओतणाऱ्याने धार बेताची ठेवावी, पिणाऱ्याने बोटे घट्ट जुळवावीत, आणि पुढच्या वेळी कळशी भरून आणण्याची पाळी आपली हे दोघांनीही ध्यानात ठेवावे. एवढे जमले तर पाणी सांडत नाही.

ते स्मृतिचिन्ह अजून फळीवर आहे. गेल्या सुट्टीत गेले तेव्हा आईने त्याच्याशेजारी लसीकरणाची नवी यादी टाचून ठेवली होती. यादीत अकरा बाळांची नावे होती. नऊ नावांपुढे खूण झाली होती, दोघांची आई उसाच्या फडावर गेली होती. ‘त्या परत आल्या की बघू,’ आई म्हणाली, आणि चपला घालून निघाली.